ओळख पटली की…

भोरच्या आमच्या शाळेत रोगप्रतिकारशक्तीचा धडा संपला आणि वेल्ह्याकडून येणारी एक विद्यार्थिनी थांबली. "मॅडम, नानींच्या छातीत गाठ आहे. शक्ती वाढवायचा काढा चालू आहे. पुरेल ना?"

वाचकहो, कॅन्सरची पेशी बाहेरून येत नाही. ती आपलीच, बिघडलेली पेशी. रक्तातल्या टी-पेशी अशा बऱ्याच पेशी ओळखून मारतात. काही मात्र घरच्याच माणसासारख्या वावरतात आणि निसटतात. म्हणजे उणीव नेहमी ताकदीची नसते, ओळखीचीही असते. काढा ती ओळख शिकवत नाही.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या 'नेक्सकार-१९' उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सरची खूण ओळखायला शिकवून परत सोडतात. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. पण तो रक्ताच्या काही कॅन्सरसाठीच आहे, खर्चही लाखांत. छातीच्या गाठीला तो नाही.

मी मुलीला म्हटलं, "अम्मीला सांग, उद्याच नानींना दवाखान्यात न्या. गाठ लवकर ओळखली, तर उपाय सोपा होतो." ओळख आपल्यालाही वेळेत पटायला हवी.