पाठ्यपुस्तकाबाहेर ठेवलेली मुले

वर्गात बाक मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले, असे मानण्याची राज्यकर्त्यांना जुनी खोड आहे. युरोपातील रोमा आणि आयर्लंड-ब्रिटनमधील ट्रॅव्हलर या भटक्या समाजांच्या मुलांचा अनुभव या समजुतीचा फोलपणा उघडा पाडतो.

झेक प्रजासत्ताकातील ओस्ट्राव्हा शहरातील १८ रोमा विद्यार्थ्यांचा खटला या दृष्टीने उद्बोधक आहे. मतिमंद ठरविलेल्या मुलांच्या ‘विशेष शाळां’त त्यांची रवानगी झाली होती. न्यायालयापुढे मांडलेल्या आकडेवारीनुसार, रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. बुद्धिमापनाच्या चाचण्या बहुसंख्याकांच्या भाषेवर व राहणीवर बेतलेल्या. त्यांत मागे पडणारे मूलच मंद ठरे. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निवाडा दिला. ‘विशेष शाळा’ हे नाव २००५ मध्येच कायद्यातून गेले होते. शाळा मात्र नवी पाटी लावून चालू राहिल्या. तेथील कमी प्रतीचा वेगळा अभ्यासक्रम रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. असा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलापुढे अकुशल मजुरीखेरीज फारशी वाट उरत नाही. स्वस्त श्रमाची तजवीज अशी शाळेपासूनच होते.

या विभागणीची मुळे केवळ १९८९ नंतरच्या भांडवलशाहीत शोधणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समाजवादी चेकोस्लोव्हाकियाने १९५८ मध्ये कायद्याने भटकंती बंद केली. रोजगार व घरे दिली; परंतु रोमांची भाषा आणि स्वतंत्र ओळख मान्य केली नाही. विशेष शाळांत रोमा मुले पाठविण्याची प्रथाही त्याच काळात रुजली. भाकरीच्या मोबदल्यात अस्मिता मागणे ही समता नव्हे.

अभ्यासक्रमाचा प्रश्न येथेच उभा राहतो. वलाचिया आणि मोल्डाव्हियात रोमा शतकानुशतके गुलाम होते. ती गुलामी १८५० च्या दशकात संपली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झ-बिर्केनाऊ येथे हजारो रोमा स्त्री-पुरुष-बालकांना नाझींनी विषारी वायूने ठार केले. हा इतिहास केवळ रोमा मुलांना नव्हे, वर्गातील सर्वांनाच शिकविला पाहिजे. कारण तुच्छता शिकतात ती शेजारच्या बाकावरची मुले. युरोप परिषदेच्या मंत्रिसमितीने २०२० मध्ये तशी शिफारस केली. आयर्लंडने २०१७ मध्ये ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली आणि २०१८ मध्ये त्यांचा इतिहास शाळांत शिकविण्याचे विधेयक तेथील संसदेत आले. पण शिफारस म्हणजे अंमलबजावणी नव्हे. आणि मुले वेगळ्या वर्गात ठेवून पुस्तकात एक धडा घालणे ही तर निव्वळ धूळफेक होय.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. रोमानी भाषेत ‘पानी’, ‘कान’, ‘मनुष’ हे शब्द आजही नांदतात. त्या भाषेचे मूळ भारतातच आहे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने येथील अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, कलंक गेला नाही. कैकाडी मुलाच्या शिक्षणाची परवड ‘उपरा’ने १९८० मध्ये मराठी वाचकांपुढे ठेवली.

म्हणून शिक्षक संघटनांत आणि विद्यार्थी चळवळीत काम करणाऱ्या साथींनी आपापल्या राज्याची पाठ्यपुस्तके उघडून पाहावीत. पारधी, कैकाडी, बंजारा त्यांत कोठे आहेत, आणि कोणत्या रूपात आहेत? सर्वांना एकच वर्ग, एकच दर्जाचा अभ्यासक्रम आणि त्यात प्रत्येक श्रमिक समाजाचा इतिहास, ही मागणी शिक्षणाच्या लढ्याच्या अग्रभागी आली पाहिजे.