बिनतारी आणि दूध

शिरपुरातले आमचे घर आजोबांच्या वेळचे. भिंती हातभर जाडीच्या. खानदेशचे ऊन त्या दाराबाहेरच थोपवून धरतात. ऊन अडवणारी भिंत आणखीही काही अडवीत असेल, हे मराठी शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या माझ्या डोक्यात यावे तरी कसे?

धाकटा भाऊ जर्मनीत असतो. दर रविवारी रात्री साडेआठला तो लॅपटॉपच्या पडद्यावर येतो आणि आई मधल्या खोलीत पदर सारखा करून बसते. पण दोन महिने झाले, दहा मिनिटे होतात न होतात तोच त्याचा चेहरा थिजे, आवाज तुटे आणि पडदा काळा होई. आई काही बोलत नसे. एकदा मात्र मला ऐकू जाईल एवढ्याच हळू म्हणाली, "त्याला कामं असतील. म्हातारीशी किती बोलायचं?"

मी कंपनीच्या माणसाला बोलावले. त्याने तार तपासली, ठीक आहे म्हणाला आणि चहा घेऊन गेला. मग मी दिवसातून चारदा राऊटर बंद करून चालू करू लागलो. वडील रेडिओला थापा मारीत, मी बटण दाबतो. शास्त्रात आमच्या घराण्याची प्रगती ती एवढी! नवा लॅपटॉप घ्यावा असेही मी सुचवले. हिने फक्त किंमत विचारली.

अखेर बारावीतल्या कन्येने लॅपटॉप उचलून राऊटरशेजारी नेला आणि तासभर चित्रपट लावला. एकदाही अडला नाही.

"बाबा, लाइन ठीक आहे, लॅपटॉपही ठीक आहे. घोटाळा वाटेत आहे."

वाटेत माझे लोखंडी कपाट होते. राऊटर ओंगळ दिसतो म्हणून मीच तो त्यामागे दडवलेला! पत्रा या लहरी परतवतो, उरलेल्या भिंत गिळते. राऊटर कपाटावर चढला आणि दिवसभर सारे सुरळीत चालू लागले. रविवारी आठ चाळीसला पडदा पुन्हा थिजला.

मग तिने वही घातली. जोडणी केव्हा तुटते आणि त्या वेळी घरात कोण काय करते, याची रोज नोंद. तीन दिवसांत चोर सापडला. आठ चाळीसला ही आईचे दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवते! त्या पेटीतल्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, आणि आमचे वायफायही २.४ च्या पट्ट्यावर. दार लावूनही किंचित गळती होतेच. माणसाला तिचा अपाय नाही, पण वायफायच्या कुजबुजीपुढे तो ढोलताशाच. राऊटरवर ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा होता. त्याला या पेटीची बाधा नाही. पण आमच्या भिंती ओलांडताना त्याचा दम उखडे.

गेल्या रविवारी दूध गॅसवर ठेवले. भाऊ सव्वा तास बोलला. मध्येच म्हणाला, "आई, मला वाटायचं, तूच कंटाळून उठतेस."

आईने त्यावर काही उत्तर दिले नाही. "चकल्या पोचल्या का रे?" एवढेच विचारले. तेवढ्यात मला दूध ऊतू गेल्याचा वास आला आणि मी गॅस बंद करायला उठलो.