बालकांचा ल्युकेमिया : पहिल्या महिन्याचा कौल

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’. त्यावरचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात; पण ते कितपत लागू पडणार, याचा कौल बराचसा पहिल्या महिन्यातच मिळतो. निदानाच्या वेळचे वय आणि पांढऱ्या पेशींची संख्या यांपेक्षाही तो अधिक बोलका ठरतो.

सुरुवात साध्या मोजणीने झाली. जर्मनीतील ‘बीएफएम’ गटाने आठवडाभर मुख्यतः स्टेरॉइड देऊन आठव्या दिवशी मुलांच्या रक्तातील कर्कपेशी मोजल्या. एका मायक्रोलिटरमध्ये त्या हजाराच्या आत असतील तर पुढचे चित्र आशादायक. साधारण दहातील एका मुलात त्या हजार किंवा अधिक निघत आणि त्यांचा आजार उलटण्याचा धोका बराच जास्त असे. या तपासणीला सूक्ष्मदर्शक आणि सरावलेली नजर एवढेच पुरते, हे आजही विसरण्यासारखे नाही.

आता महिन्याअखेरीस बोन मॅरोत ‘एमआरडी’, म्हणजे औषधांना पुरून उरलेल्या कर्कपेशी, शोधतात. सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसला तरी फ्लो सायटोमेट्री दहा हजारांतील एक पेशी पकडते. ०.०१ टक्का ही प्रचलित सीमारेषा. ब्रिटनच्या ‘यूकेऑल २००३’ या अभ्यासात कमी एमआरडी असलेल्या मुलांची केमोथेरपी घटवली, तरी नुकसान झाले नाही. जास्त असलेल्यांची वाढवली, तेव्हा आजार उलटणे कमी झाले. भारताच्या दृष्टीने यातला पहिला निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. आपल्याकडे बरीच मुले आजारापेक्षा उपचारादरम्यानच्या जंतुसंसर्गाने दगावतात. ‘आयसायकल’ या बहुकेंद्री भारतीय अभ्यासातही उपचारांची तीव्रता ठरवताना एमआरडीचा आधार घेतला आहे.

मात्र कौल म्हणजे निकाल नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकेच्या पुढाकारातील अभ्यासात १,४४० मुले होती. नुसत्या केमोथेरपीवर तीन वर्षांनी ८७.९ टक्के मुले आजारमुक्त राहिली. सोबत ब्लिनाट्युमोमॅब दिल्यावर ९६ टक्के. फ्लो सायटोमेट्रीत मॅरो स्वच्छ निघालेल्या अनेक मुलांचाही यात समावेश होता. म्हणजे चांगल्या अहवालामागेही धोका दडलेला असतो. पण हे औषध अतिशय महाग, शिवाय एकेका आवर्तनात सलग २८ दिवस शिरेतून द्यावे लागते. प्रत्येक मुलाला ते मिळणे सध्या तरी दूरची गोष्ट. विश्वासार्ह एमआरडी तपासणी त्या मानाने आवाक्यातली आहे.

विश्वासार्ह हा शब्द महत्त्वाचा. मॅरो काढताना सुईत येणारा पहिला उपसाच या तपासणीसाठी ठेवावा लागतो. नंतरच्या उपशात रक्त मिसळते, कर्कपेशींचे प्रमाण विरळ होते आणि अहवाल फसवा ‘स्वच्छ’ येतो. त्यावर विसंबून औषधे कमी केली, तर त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते.