राजीच्या हाती त्रिशूल

मीरा रोडच्या पेणकरपाड्यातली मुलं मोबाइलवर 'बीजीएमआय' या गेमची रणांगणं पालथी घालतात. त्यांनी एकदा पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' जरूर खेळावा. हा गेम 2020 साली आला.

राजी कसरती करणारी मुलगी. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या शोधात ती निघते. हाती दुर्गेचा त्रिशूल. लढताना ती खांबाभोवती गरकन फिरते, भिंतीवर धावत जाऊन शत्रूवर झेपावते, आणि खेळणाऱ्याची बोटं तिच्या तालात पडतात. कथेतले प्रसंग उलगडतात ते सावल्यांच्या बाहुल्यांतून. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी जपलेले चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही दृश्यं परकी वाटणार नाहीत.

शेवट मात्र घाईत उरकला आहे. कॅमेरा आपल्या हाती नसल्याने उड्याही कधी कधी चुकतात.

2017 साली 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी 'नॉडिंग हेड्स'च्या मंडळींनी काम सोडलं नाही. 2020च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम पदार्पणासाठी 'राजी'ला नामांकन मिळालं. पुण्या-मुंबईतल्या पुढच्या गेममधली पात्रं मराठीतही बोलावीत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.