फरशी नंतर बघू, आधी अर्थिंग



मागच्या महिन्यात लातूरहून भाचीचा फोन आला. औसा रोडला घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर त्यांचं बांधकाम सुरू झालंय. "आत्या, हॉलला व्हिट्रिफाइड घालू की ग्रॅनाइट? देवघराला मार्बल कुठला चांगला?" मी विचारलं, "अर्थिंगचा खड्डा कुठं घेतलाय?" पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "ते वायरमन बघेल ना!"

आमचं नांदेडचं घर बांधताना मीही हेच म्हणाले होते. त्या वाक्याची किंमत माझ्या घरात मी नाही मोजली, दुसऱ्याच कुणी मोजली.

आम्ही घर बांधलं १९९६ मध्ये. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे सिमेंटच्या गोण्यांपासून खिडक्यांच्या कड्यांपर्यंत सगळा हिशोब माझ्या वहीत होता. त्या वहीत ओट्याच्या ग्रॅनाइटला वेगळं पान आहे आणि वायरिंगला एक ओळ, 'उक्तं'. दोनेक वर्षांनी उन्हाळ्यात हौदाजवळ मोटर लावलेली होती आणि धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी अनवाणी, ओल्या फरशीवर कपडे पिळत होत्या. हात मोटरला लागला आणि त्या चिकटल्या. माझ्या मुलानं मेन स्विच पाडला म्हणून वाचल्या, पण उजव्या हाताची बोटं नंतर कधी नीट मिटली नाहीत. दुसऱ्या वायरमननं बोर्ड उघडून दाखवला. तीन पिनांचं सॉकेट होतं, पण वरच्या जाड पिनेला वायरच नव्हती. हिरवी वायर बोर्डात येऊन तशीच गुंडाळून ठेवलेली. ग्रॅनाइट मात्र आजही चकाचक आहे.

आपण पाणी गाळून घेतो, सूर्यास्ताआधी जेवतो, चालताना खाली बघून चालतो. आपल्याकडे हिंसेचं मूळ प्रमादात सांगितलंय, म्हणजे बेसावधपणात. मुंगी वाचवणाऱ्या माझ्या घरात एका बाईचा हात गेला तो रागानं किंवा द्वेषानं नाही, मी बघितलं नाही म्हणून. दरवर्षी दशलक्षणानंतर क्षमा मागताना मला पहिल्यांदा त्याच आठवतात.

म्हणून भाचीला त्या दिवशी तासभर सांगितलं ते इथं लिहिते.

एमसीबी बसवलं की आपण सुरक्षित, असं बहुतेकींना वाटतं. एमसीबी वायर वाचवतं, माणूस नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा करंट कळतसुद्धा नाही, कारण जीव जायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. माणसासाठी असतं ते आरसीसीबी, तीस मिलीअँपिअरचं. जितका करंट गेला तितका परत आला नाही, म्हणजे वाटेत कुठं तरी गळतोय, हे ते ओळखतं आणि क्षणात लाइन तोडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. मी दर पौर्णिमेला दाबते, लक्षात राहतं.

हे आरसीसीबी आमच्याकडे बसवल्यावर वेगळीच गंमत झाली. इन्व्हर्टर जोडला की ते पडायचं. वायरमन म्हणाला, "वहिनी, काढूनच टाकू, सारखं ट्रिप होतंय." किती घरांत असंच काढून टाकलेलं असेल! खरं कारण एवढंच, की इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला होता. वेगळी वायर ओढली आणि ट्रिप होणं थांबलं. भारनियमनाच्या आपल्या भागात इन्व्हर्टर येणारच, तेव्हा त्याचा न्यूट्रल प्लास्टरच्या आधीच वेगळा ओढून घ्या. आणि कुणी 'अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडून देतो, सारखंच असतं' म्हणालं, तर त्या माणसाला चहा पाजून घरी पाठवा. सारखं नसतं. न्यूट्रल कुठं तुटला तर फ्रिज, कूलर, वॉशिंग मशीन, सगळ्यांच्या पत्र्यात वीज उतरते.

कूलरचं तर खास सांगायला हवं. लोखंडी पत्रा, आत पाणी, शेजारी ओली जमीन आणि लहान मुलं. मराठवाड्यात आणि विदर्भात उन्हाळा आला की कूलरच्या शॉकची बातमी पेपरात येतेच. कूलर कुठल्या खिडकीला बसणार ते घर बांधतानाच ठरवा आणि तिथं खरं अर्थिंग असलेलं सॉकेट घ्या. दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवू नका.

अर्थिंगच्या खड्ड्याचं आपल्याकडे दुखणं मातीचं आहे. नांदेडकडं काळी माती, पावसाळ्यात ओली गच्च आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा. माती वाळली की अर्थिंग नावालाच उरतं, आणि कूलर तर तेव्हाच चालू असतो! म्हणून खड्डा रोज पाणी पडेल अशा झाडाजवळ घ्यायचा आणि त्यात पाणी ओतायला पाइप ठेवायचा. लातूरकडं उलट, चार-पाच फुटांवर कातळ लागतो आणि आठ फुटी पाइप खाली जातच नाही. मग अर्धाच पाइप गाडून वर माती लोटतात. त्यापेक्षा लांब चर खणून त्यात आडवी पट्टी टाकता येते. झाल्यावर मीटर लावून मोजायला सांगा, आकडा वहीत लिहा आणि पुढच्या मेमध्ये परत मोजा. टेस्ट रिपोर्टच्या कागदावर सही मिळाली म्हणजे कुणी घर बघितलं, असं समजू नका.

वायरच्या जाडीचं थोडक्यात सांगते. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटना अडीच, गिझर आणि एसीला चार, प्रत्येकी स्वतंत्र लाइन. दोन किलोवॉटचा गिझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. वायर तांब्याची, आयएसआय मार्कची. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. हे रंग मिस्त्रीकडून पाळून घ्या आणि प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढं खिळा ठोकताना त्याचं मोल कळतं.

आता वायरिंग आणि भूकंप यांचा काय संबंध, असं वाटेल. आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आमचं दशलक्षण पर्व संपलेलं, गावोगावी गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हललं. मी नांदेडला होते, पलंग हलला म्हणून जागी झाले. सुमारे आठ हजार माणसं गेली. मारलं ते भूकंपानं म्हणण्यापेक्षा घरांनी. जाडजूड भिंती, दोन बाजूंना गोल दगड, मध्ये भर, सगळं मातीत रचलेलं, दोन्ही बाजू जोडणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि दरवर्षी गळतं म्हणून त्यावर आणखी पांढरी माती. लातूरला माझ्या वडिलांच्या वाड्याची मागची भिंत पडली नाही, पण तिला पोट आलं. पुढचा भाग लाकडी खांबांवर, खणांचा होता, तो जसाच्या तसा उभा. किल्लारी भागातही बऱ्याच ठिकाणी असंच दिसलं, भिंत गेली आणि खांबांवरचं छप्पर राहिलं.

त्यातून आपण शिकलो ते पट्टे घालायला. जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा, म्हणजे चारी भिंती एकत्र बांधल्या जातात. पूर्वी भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या झोनमध्ये गेला. नांदेडकरांनीही निर्धास्त राहू नये, मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडचे धक्के आमच्या भांड्यांनी वाजून सांगितले. आणि आता होतं काय, गवंडी पट्टा घालतो, चार दिवसांनी वायरमन कटर घेऊन येतो आणि पाइप न्यायला तोच पट्टा कापतो! किंवा विटांच्या भिंतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी खाच मारतो. भिंत तिथंच अधू होते. खाच उभी मारायची, आडवं जायचं ते स्लॅबमधून, आणि त्यासाठी पाइप स्लॅब भरायच्या आधीच टाकावे लागतात. म्हणजे कुठं पंखा, कुठं दिवा, कुठं गिझर हे तेव्हाच ठरलेलं हवं, आणि हे त्या घरात राहणारी बाईच सांगू शकते.

बायकांना यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना मी किल्लारीचीच आठवण देते. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरदुरुस्तीच्या कामात 'संवाद सहायक' म्हणून गावातल्याच बायका नेमल्या होत्या, स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. मजबुतीकरण कसं करायचं हे त्या घरोघरी समजावत आणि कामावर लक्ष ठेवत. 

पण एक गोष्ट आपण माळवदाबरोबर गाडून टाकली, ती म्हणजे गारवा. मातीचं जाड छप्पर माणसं मारायचं हे खरं, पण दुपारी दोन वाजता त्याच्याखाली झोप लागायची. नव्या स्लॅबची चार-पाच इंचांची जाडी दिवसभर ऊन पिते आणि रात्री आपल्या अंगावर सोडते. पुनर्वसन झालेल्या गावांतही लोकांनी स्लॅबच्या घराबाहेर चुली आणि शेड काढली, ती काही हौस म्हणून नाही. माळवद परत आणा असं मी म्हणत नाही. पण गच्चीवर चुन्याचा हात, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा विटांचा कोबा, यातलं काही तरी कराच. आपल्या शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये छतं थंड ठेवण्याचं सरकारी धोरणच काढलंय. आपण निदान दर मार्चमध्ये एक गोण चुना आणू शकतो.

आणि खिडक्या. कोरड्या उष्ण भागासाठी साधा हिशोब आहे, खोलीच्या क्षेत्रफळाच्या दहावा हिस्सा उघडी जागा. दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट, म्हणजे तीन बाय चारची खिडकी. झालं? नाही! हल्लीची सरकती खिडकी उघडली तरी अर्धी बंदच असते, हातात सहाच फूट येतात. मी भाचीला जुन्या पद्धतीच्या दोन्ही पाखं उघडणाऱ्या खिडक्या घ्यायला लावल्या. "आत्या, ते आउटडेटेड दिसतं." दिसू दे. समोरासमोरच्या भिंतींना एकेक उघडी जागा हवी, आत येणारी खाली आणि बाहेर जाणारी वर. जिन्याच्या डोक्यावरची खिडकी बंद करू नका, घरातली गरम हवा तिथूनच जाते. कूलरलाही हेच. समोरची खिडकी बंद ठेवून कूलर लावला तर खोली गार होत नाही, दमट होते.

स्वयंपाकघराचं आपल्या घरांत जास्त महत्त्वाचं, कारण सूर्यास्ताआधी जेवण म्हणजे बाई पाच वाजता ओट्यापाशी उभी. मे महिन्यात पश्चिमेची भिंत त्याच वेळी सगळ्यात तापलेली असते. वास्तूवाले आग्नेयेला स्वयंपाकघर सांगतात, ते इथं आपल्या पथ्यावर पडतं. (वास्तू सल्लागाराला भाचीच्या घरी तीनदा बोलावणं गेलं. वायरिंगच्या नकाशाला एकदाही नाही.)

न्हाणीघराला वरती झरोका ठेवा. आपल्याकडे ओल म्हणजे जीवोत्पत्ती. बुरशी धरल्यावर ती घासून मारायची, यापेक्षा ती धरूच नये. आणि गॅसगिझर बंद न्हाणीघरात कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आतल्या माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. तो बसवायचाच तर बाहेर.

घर तापवायची वेळ आपल्याकडे येत नाही, तापवायचं ते पाणी. अंघोळीचं आणि उकळून प्यायचं. लहानपणी तांब्याचा बंब होता, मग बादलीत सोडायचा रॉड आला आणि त्यानं कितीकांचे जीव घेतले. रॉड घरात ठेवूच नका. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं, तुमच्या बिलाच्या दरानं स्वतःच गुणून बघा. मी सोलरच्या बाजूची. पण बोअरच्या क्षारानं बारीक तांब्याच्या नळ्यांची पॅनेलं बुजतात, म्हणून आपल्याकडे काचेच्या नळ्यांचा बरा. टाकी गच्चीच्या मधोमध नको, खांबावर घ्या. हजार लिटर म्हणजे एक टन वजन आणि भूकंपात ते डोक्यावर असतं. सोलरचा गरम पाण्याचा पाइप आज भिंतीतून घेऊन ठेवा, यंत्र दोन वर्षांनी घेतलं तरी चालेल.

परवा भाचीनं फोटो पाठवला. साडेचार फुटांवर कातळ लागलाय आणि चर खणायला सुरुवात झालीय. खाली लिहिलं होतं, "मिस्त्री विचारतोय, तुमच्या आत्या इंजिनिअर आहेत का?" मी हिरव्या वायरचा फोटो मागितलाय, प्रत्येक बोर्डाचा. फरशीचं अजून ठरलेलं नाही.