मैना कुणाची?

ऑगस्ट महिना लागला की मार्केट यार्डाच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये एक गाणं हमखास कानावर पडतं. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती असते आणि जयंती म्हटली की ‘माझी मैना’ आलीच. गाणं सत्तरेक वर्षांचं जुनं. पण त्यातली मैना म्हणजे नेमकी कोण, यावर ऐकणाऱ्यांचं अजूनही एकमत नाही.

गेल्या वर्षी भुसार बाजारातल्या एका चहाच्या टपरीवर असाच वाद रंगलेला मी ऐकला. बीडकडचे एक वयस्कर हमाल होते. त्यांचं म्हणणं साधं होतं : मैना म्हणजे बायको, त्यात शोधायचं काय? स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा, बहुधा कुठल्याशा गाळ्यावर अर्धवेळ हिशेब लिहिणारा, त्यांना समजावत होता की मैना हे रूपक आहे. मैना म्हणजे तुटलेला महाराष्ट्र, परीक्षेतही हाच प्रश्न येतो. धान्य निवडणाऱ्या एक बाई कपबशी घेऊन बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मैना गावाला ऱ्हायली कुठं? ती हितं आडतीवर मिरची निवडतीय.” सगळे हसले. तेवढ्यात एका टेम्पोवाल्यानं तोंड उघडलं. नावावरून आणि टोपीवरून मुसलमान. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी थट्टेनं म्हणालं, “मामू, तुम्हाला काय कळायचं आमच्या शाहिरीतलं?”

थट्टाच होती. टेम्पोवालाही हसला आणि गप्प झाला. मला मात्र वाटत राहिलं की गाण्याच्या अर्थावरचा वाद पुष्कळदा अर्थावर नसतोच. गाणं कुणाचं, यावर असतो.

गाणं सांगतं काय?

‘माझी मैना’ ही छक्कड आहे. लावणीच्या जवळचा, तमाशाच्या फडात रुळलेला हा प्रकार. गोष्ट अगदी ओळखीची. गरिबीमुळे नवऱ्याला गाव सोडून मुंबईला जावं लागतं. पहाटे भाकरतुकडा बांधला जातो. बायको त्याला पोचवायला गावाच्या शिवेपर्यंत येते. तो तिला हसवायचा प्रयत्न करतो, पत्रं पाठवायचं वचन देतो, तोडे आणि कोल्हापुरी साज करून द्यायच्या गोष्टी करतो. ती हसत नाही. हात उंचावून उभी राहते. पुढे मुंबई लागते. खिसा फाटका, काम नाही, काळाबाजार जोरात. तिथून गाणं लढ्याच्या गर्दीत शिरतं आणि शेवटी बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावं येतात. त्याची मैना जशी दुरावली, तसा महाराष्ट्राचा एक भाग दुरावला, असा तो जोड आहे.

हे सगळं हवेतलं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभराहून अधिक माणसं मेली. १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग आणि उंबरगाव गुजरातेत गेले. बेळगावचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे गाण्यातल्या नवऱ्याची आणि मैनेची भेट होत नाही आणि नकाशावरची ताटातूटही अजून मिटलेली नाही.

आता अर्थाचं बघू. या गाण्याला दोन बाजूंनी कात्री लागते. ऑर्केस्ट्रात आणि डीजेवर मैनेचं रूप, तिचं चालणं, तिचे दागिने तेवढे ठेवतात आणि शेवट गाळतात. बेळगावाच्या नावावर नाचणार कोण? दुसरी कात्री अभ्यासकांची. त्यांना शेवट तेवढा महत्त्वाचा वाटतो. मैना हे त्यांच्यासाठी वेष्टन. ते काढून टाकायचं आणि आतला राजकीय अर्थ घ्यायचा. पहिली कात्री बाजाराची, हे सगळ्यांना कळतं. दुसरी विद्वत्तेची असल्यामुळे तिला कुणी कात्री म्हणत नाही.

मला दोन्ही चूक वाटतात, आणि त्यातही दुसरी अधिक. मैना खरी बाई नसेल तर शेवटच्या नावांना वजन उरत नाही. राज्याच्या सीमेचा प्रश्न हा आयोग, अहवाल आणि टक्केवारीचा प्रश्न होता. अण्णाभाऊंनी तो अशा माणसापुढे ठेवला ज्यानं अहवाल वाचलेला नाही, पण तुटणं म्हणजे काय ते ज्याला अंगानं माहीत आहे. भाषेचा एक तुकडा दुसऱ्या राज्यात गेला म्हणजे नेमकं काय झालं? तुझी बायको गावाला राहिली ना, तसं झालं. ही तुलना बायको खरी असेल तरच चालते. म्हणून बीडचे ते हमाल आणि परीक्षेचा अभ्यास करणारा तो मुलगा, दोघांचंही बरोबर होतं. फक्त मुलाला वाटत होतं की आपला अर्थ वरचा आणि म्हाताऱ्याचा खालचा.

प्रेमाची लाज

हे वरचं-खालचं आपल्याला, म्हणजे मुसलमान वाचकांना, चांगलं ओळखीचं आहे. सूफी परंपरेनं इश्काचे दोन मजले सांगितले : इश्क-ए-मजाजी आणि इश्क-ए-हकीकी. माणसाचं माणसावरचं प्रेम आणि माणसाचं खुदावरचं प्रेम. उर्सात कव्वाली ऐकताना साकी, शराब, जुल्फ हे शब्द आले की शेजारचा कुणीतरी वडीलधारा हमखास सांगतो, “बेटा, याचा मतलब वेगळा आहे.” मतलब वेगळा आहे हे खरंच. पण त्या सांगण्यात कधीकधी थोडी लाजही असते. साधं प्रेम पुरेसं नाही, त्याला काहीतरी मोठं कारण पाहिजे, अशी लाज. खुद्द सूफींनी मजाजीला हकीकीकडे नेणारा पूल म्हटलं आहे. पूल पाडून पलीकडे जाता येत नाही.

राजकीय अर्थ लावणाऱ्यांचीही हीच गत आहे. त्यांना नवरा-बायकोच्या विरहाची लाज वाटते, म्हणून ते घाईघाईनं बेळगावला पोचतात.

ही खोड आपल्यापुरती नाही. १९७८ साली इंग्लंडात मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या पंक रॉक बँडनं ‘एव्हर फॉलन इन लव्ह’ हे गाणं काढलं. ज्याच्यावर जडायला नको त्याच्यावर जीव जडला, अशी त्याची तक्रार. पंक म्हणजे व्यवस्थेवर ओरडणारं, खडबडीत, रस्त्यावरचं संगीत. तिथेही प्रेमगीत म्हटलं की चाहते कारण शोधत बसले. गीतकार पीट शेली यांनी त्यात ‘तो’ की ‘ती’ हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. पुढे त्यांनी ते एका पुरुषाविषयी असल्याचं सांगितलं. पण तोवर अनेकांनी त्या रिकाम्या जागेत आपापलं माणूस बसवलं होतं आणि कवीनं खुलासा केला म्हणून त्यांनी ते उठवलं नाही. ते योग्यच झालं. कवीचा खुलासा ही गाण्याची जन्मकथा असते, गाण्याची वेस नव्हे.

अण्णाभाऊंनी मात्र उलटं केलं. त्यांनी जागा रिकामी ठेवली नाही. भाकरी, शीव, तोडे, साज, सगळं तपशिलात भरलं, आणि तरीही लाखो लोक त्यात मावले. कारण तो तपशील त्या लोकांचाच होता. खुद्द अण्णाभाऊ वाटेगावाहून मुंबईला आले ते पोटासाठी. कोळसे वेचणं, हमाली, गिरणी अशी कामं त्यांनी केली. मार्केट यार्डात ५० किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस हे गाणं ऐकतो तेव्हा एका हमालाचं गाणं दुसरा हमाल ऐकत असतो. याच बाजारात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमालांना एकत्र आणलं. पुढे ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली, घर गावाला असलेल्या माणसालाही परवडावी अशी झुणका-भाकर देणारी. गाण्यातली पहाटेची ती भाकरी संपल्यावर शहरात काय खायचं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं असं मला वाटतं. गाण्याचा अर्थ असाही लावता येतो, स्वयंपाकघर उघडून.

मामूला काय कळतं?

आता त्या टेम्पोवाल्याकडे येतो.

१९४४ साली लालबावटा कलापथक उभं राहिलं. त्यात तीन नावं प्रमुख होती : अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख. कोण मातंग, कोण मुसलमान, असं मोजत बसायची त्यांना गरज वाटली नव्हती. मोजणी आपण आता करतो. अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६चा, बार्शीचा. शाहीर होण्याआधी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत काम केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये त्यांचा पहाडी आवाज ऐकायला माणसं लांबून येत. अण्णाभाऊ जुलै १९६९मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात अमर शेख अपघातात गेले.

त्याही मागे जा. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणीत गाजलेले सगनभाऊ मुसलमान होते, शिकलगार. त्यांनी शृंगाराच्या लावण्या लिहिल्या आणि खडकीच्या लढाईचा पोवाडाही रचला. एकाच लेखणीनं प्रेम आणि राज्य बुडाल्याचं दुःख, दोन्ही. तेव्हा मराठी शाहिरीतलं मामूला कळतं, बरंच आधीपासून कळतं.

पण इथेच थांबलो तर मलाच ते खटकेल. आपल्यात ‘योगदान’ सांगायची एक सवय झाली आहे. कुणी परकं म्हटलं की आपण यादी काढतो : हे शाहीर आमचे, ते संत आमचे, श्रीगोंद्याचे शेख महंमद आमचे. यादी खरी आहे. पण यादी दाखवून आत घेतलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा यादी दाखवावी लागते. त्या टेम्पोवाल्याला अमर शेख ठाऊक असतील किंवा नसतील. ‘माझी मैना’वर बोलण्याचा त्याचा हक्क त्यावर अवलंबून नाही. त्याची बायको गावाला आहे, तो गाडीतच झोपतो, महिन्यातून एकदा घरी जातो. एवढी पात्रता बीडच्या हमालाला पुरते, तर त्यालाही पुरली पाहिजे.

आणि हाच नियम पुढे नेला तर एक अवघड प्रश्न येतो. आज मार्केट यार्डात पोती उचलणाऱ्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली मुलंही आहेत. त्यांचीही मैना गावाला राहिली आहे. भोजपुरीत भिखारी ठाकूरांचं ‘बिदेसिया’ हे नाटक याच दुःखावर उभं आहे. तिथे नवरा कलकत्त्याला गेलेला आणि बोलते ती मागे राहिलेली बायको. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी बांधलेलं गाणं या मुलांचं होऊ शकतं का? मला वाटतं, गाण्याचा शेवट त्यांचा नाही. बेळगावाची तळमळ त्यांना उसनी आणता येणार नाही. पण पहाटेची भाकरी आणि शिवेवरची ती बाई त्यांचीही आहे. ज्याला गाण्याचा पहिला भाग कळला, त्याला शेवट समजावून सांगता येतो. ज्याला फक्त शेवट पाठ आहे, त्याला पहिला भाग कसा समजावणार?

धान्य निवडणाऱ्या त्या बाईंचं वाक्य मात्र सगळ्या अर्थांच्या पुढे गेलं. गाण्यात मैना बोलत नाही. तिच्याविषयी नवरा बोलतो, मग शाहीर बोलतात, मग अभ्यासक आणि आता मीही बोलतो आहे. दरम्यान ती एसटीत बसून शहरात आली, तिनं चाळणी हातात घेतली, आणि आपल्याबद्दल चाललेला वाद ऐकून दीड वाक्यात निकाली काढला. गाण्याला सत्तर वर्षांनी असा नवा अर्थ मिळतो तो त्याच्या शब्दांवर कुणाचा ताबा नसतो म्हणून.

म्हणून कुणी गाण्याचा अर्थ सांगू लागलं की आधी त्याची जात, धर्म, जिल्हा विचारू नये. त्याला वाक्य पुरं करू द्यावं. त्या दिवशी टपरीवर टेम्पोवाल्याला मैना कोण वाटत होती, हे कुणालाच कळलं नाही. त्यात त्याच्याइतकंच गाण्याचंही नुकसान झालं.