पायलट व्हायचंय? आधी दप्तर उघडा!

बालमित्रांनो,

'मोठेपणी कोण होणार?' असे वर्गात विचारले, की दोन-तीन हात तरी झटकन वर जातात. "बाई, मी पायलट!" मग बघता बघता दहावीचा निकाल लागतो आणि घरात खरी बोलणी सुरू होतात. फ्लाइंग स्कूलची फी लाखांच्या घरात. तिथे जाण्याआधी थोडा अभ्यास घरीच करून घ्यावा, म्हणून आई-बाबा पुस्तकांच्या दुकानात जातात. दुकानदार जाडजूड पुस्तके, प्रश्नसंच आणि नकाशे असा ढीगच समोर मांडतो. एकूण किंमत ऐकून बाबांचा हात खिशातच राहतो!

तर आज आपण पाहू या, या ढिगातले आधी काय घ्यायचे, नंतर काय घ्यायचे आणि काय घ्यायचेच नाही.

पालकांनो, पुस्तकांच्याही आधी एक काम करा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, यांनी मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून 'क्लास २' वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळे, कान, रक्तदाब सगळे तपासले जाते. चष्मा आहे म्हणून लगेच हिरमुसू नका; ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो. पण रंग नीट ओळखता येतात का, यासारख्या गोष्टी खर्च करण्याआधीच कळलेल्या बऱ्या. शिकाऊ वैमानिकाचा परवाना १६व्या वर्षी मिळू शकतो आणि व्यावसायिक परवाना १८व्या वर्षी. म्हणजे घाई करायचे कारण नाही.

आता अभ्यास. व्यावसायिक परवान्यासाठी लेखी परीक्षा असते. दिशामार्गण (नेव्हिगेशन), हवामान, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती हे तिचे मुख्य विषय. रेडिओवरच्या संभाषणाची परीक्षा वेगळी. पास व्हायला ७० टक्के गुण लागतात. ३५वर भागत नाही बरं का!

मग पहिले पुस्तक कोणते घ्यायचे? विकत घ्यायचेच नाही. ते तुमच्या दप्तरात आहे!

खोटं वाटतं? भूगोलाचे पुस्तक काढा. अक्षवृत्तांचा धडा आठवतो ना? एका अंशाचे ६० भाग केले, की एक मिनिट होते. उत्तर-दक्षिण दिशेने एक मिनिट सरकलात, की झाला एक नॉटिकल मैल, म्हणजे १८५२ मीटर. वैमानिक अंतर मोजतो ते याच मैलात. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात, हे तुम्ही पाठ केलेत. विमानतळाच्या हवामान अहवालातही वारा असाच सांगतात. त्यात '२४०१२' असे लिहिले असेल, तर वारा २४० अंशांकडून १२ नॉट वेगाने येतो आहे. नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

आणि गणित? वैमानिकांचा एक जुना आडाखा आहे: ६० मैल उडताना दिशा एक अंश चुकली, तर विमान जवळजवळ एक मैल बाजूला जाते. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ३७० नॉटिकल मैल. एका अंशाची चूक तशीच राहिली, तर नागपूरला तुम्ही सहा मैल, म्हणजे अकरा किलोमीटर बाजूला पोहोचाल! ज्याला दहावीची त्रिकोणमिती समजली, त्याला हा आडाखा का चालतो तेही समजेल. म्हणून बारावीपर्यंत गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नका.

यानंतर दुकानात जायचे. पुस्तक हातात घेतले, की त्याला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: "तुझं वय काय?" काही पुस्तके म्हातारी होत नाहीत. पंखांना उचल कशी मिळते, ढग कसे बनतात, वाऱ्याचा त्रिकोण कसा काढायचा, हे वीस वर्षांपूर्वी होते तसेच आज आहे. अशी पुस्तके जुन्या बाजारातून खुशाल घ्या किंवा ओळखीच्या दादा-ताईकडून आणा. पण नियमांचे पुस्तक मात्र नवेच हवे. आपल्याकडे विमानांचा मूळ कायदा १९३४चा होता. त्याच्या जागी १ जानेवारी २०२५पासून 'भारतीय वायुयान अधिनियम, २०२४' लागू झाला. मग २०१५ सालचे पुस्तक स्वस्तात मिळाले, तरी काय उपयोग? हवाई नियमांसाठी आर. के. बाली यांचे आणि हवामानासाठी आय. सी. जोशी यांचे पुस्तक आपल्याकडे खूप विद्यार्थी वापरतात. घेताना आवृत्तीचे साल पाहायला विसरू नका. आणि विमानमार्गांचे नकाशे आत्ता घेऊच नका. त्यांत दर २८ दिवसांनी बदल होऊ शकतात. उडायला लागाल, तेव्हा ताजे लागतील.

दुसरा प्रश्न: "तू कुठल्या देशाचं?" अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचे 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' हे सुंदर, चित्रमय पुस्तक त्या खात्याच्या संकेतस्थळावर चक्क फुकट मिळते. जरूर वाचा. मात्र त्यातले नियम अमेरिकेचे आहेत. तिथे हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. त्यांचे २९.९२ म्हणजे आपले १०१३.२५.

"एककाचं काय एवढं?" असं म्हणता? मग ऐका. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका नव्या कोऱ्या बोइंग ७६७ विमानाचे दोन्ही इंजिन हवेतच बंद पडले. का? तर इंधन संपले! विमानातले इंधनमापक बिघडलेले होते, म्हणून इंधनाचा हिशेब कागदावर केला होता. विमानाला इंधन हवे होते किलोग्रॅममध्ये. लिटरला साधारण ०.८ किलोग्रॅम धरायला हवे होते. पण हिशेबात आकडा घेतला गेला १.७७, म्हणजे पौंडांचा. इंधन हवे होते त्याच्या निम्मेच भरले गेले. वैमानिकाला ग्लायडर उडवण्याचा सराव होता. त्याने ते भलेमोठे विमान तरंगत नेऊन गिम्ली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि विमानातले सर्व ६९ जण वाचले. तेव्हा उत्तरापुढे एकक लिहिले नाही म्हणून बाई अर्धा गुण कापतात, त्याचा राग मानू नका!

तिसरा प्रश्न: "तू समजावतोस, की नुसतं उत्तर सांगतोस?" हा प्रश्न खास प्रश्नसंचांना विचारायचा. प्रश्नसंच वाईट नसतात. पण ते शेवटी घ्यायचे, स्वतःची तयारी तपासायला. "बावन्नावा प्रश्न, उत्तर क" असे पाठ करून कदाचित पास व्हाल. पण समोर काळा ढग आला, की आकाश काही चार पर्याय देत नाही. मागे बसलेल्या प्रवाशांनी आपला जीव तुमच्या समजेवर सोडलेला असतो, पाठांतरावर नाही.

आणि एक साधन असे आहे, जे कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. ते म्हणजे तुमची स्वतःची वही. अमेरिकेत एल्रे जेपसेन नावाचा वैमानिक विमानातून टपाल नेत असे. तेव्हा हवाई नकाशे नव्हतेच. त्याने दहा सेंटची एक काळी वही घेतली. कुठल्या मैदानावर उतरता येते, वाटेतल्या टेकड्या किती उंच, कुठल्या शेतकऱ्याला फोन केला की हवामान कळते, हे सारे तो टिपून ठेवी. इतर वैमानिक त्या टिपणांच्या नकला मागू लागले. १९३४ साली त्याने ती विकायला सुरुवात केली. आज जगभरचे वैमानिक जेपसेनच्या नावाचे नकाशे वापरतात!

तर या रविवारी तुम्हीही एक वही घ्या. महिनाभर रोज सकाळी अंगणात किंवा गच्चीवर जा. वारा कुठून येतो, ढग कसे आहेत, दूरची टेकडी किंवा पाण्याची टाकी स्पष्ट दिसते का, हे तारीख-वेळेसह लिहा. वेळ दोनदा लिहा: एकदा आपली आणि एकदा जगभरचे वैमानिक पाळतात ती, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. महिन्याच्या शेवटी वही वाचून पाहा, पाऊस येण्याआधी काय काय बदलत होते ते.

आई-बाबांनो, ती वही महिनाभर रोज भरली गेली, तर पुढचे पुस्तक घ्यायला हरकत नाही. आणि आठ दिवसांत कंटाळून कोपऱ्यात पडली, तरी रागावू नका. पुस्तकांचा मोठा खर्च तर वाचला!

तुमच्या,
बाई